मेंडोलिनवर कोण होतं?

सकाळी आठला रेडिओवर ‘आजच्या दिवशी’ हा कार्यक्रम सुरू झाला, तसं अप्पा शिरोडकरांनी हातानेच सुनेला गप्प केलं. साठ वर्षांपूर्वी याच तारखेला एक गाणं रेकॉर्ड झालं होतं. लोक त्याचे शब्द विसरतात, पण सुरुवातीचा मेंडोलिनचा तुकडा अजून गुणगुणतात. तो अप्पांनी वाजवला होता. मृण्मयीने, त्यांच्या सुनेने, महिन्यापूर्वीच तसं केंद्राला पत्राने कळवलं होतं.

निवेदिकेने गायिकेचं नाव घेतलं, संगीतकाराचं घेतलं. मग म्हणाली, “आणि मेंडोलिनवर होते बेंजामिन कुलासो.”

मृण्मयीने लगेच फोन लावला. पलीकडचे गृहस्थ सौजन्याने बोलले. “पत्र मिळालं हो. पण एका पुस्तकात कुलासोंचं नाव छापलंय. रेकॉर्डवर वादकांची नावं नसायचीच. त्या दिवशी हजर असलेलं कुणी आहे का, जे सांगेल?”

तिने अप्पांना विचारलं. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. संगीतकार गेले, रेकॉर्डिस्ट गेले. बासरीवाला सामंत गेल्या दिवाळीत गेला. कुलासो तर त्या दिवशी तापाने घरी पडून होता, म्हणूनच अप्पांना बोलावणं आलं होतं. आता तोही नव्हता.

“कुणी नाही,” ते म्हणाले.

फोन ठेवून मृण्मयी जराशी घुटमळली. “अप्पा, रागावू नका. पण नक्की तुम्हीच होतात ना?”

अप्पांनी रेडिओ बंद केला.

“असेल गं,” ते म्हणाले. “त्यानेच वाजवलं असेल.”