सिंध, हिंदुस्थान

१९५१ साल. पिंपरीच्या निर्वासित छावणीतली गोपीबाई पाकीट घेऊन पोस्टातल्या ज्योतीराम कारकुनाकडे आली. शिकारपूरला मागे राहिलेल्या मुलासाठी, लेखूसाठी, पत्र होतं, पत्ता इंग्रजीत हवा होता. “शिकारपूर, सिंध, हिंदुस्थान,” ती म्हणाली. “आजी, आता पाकिस्तान लिहावं लागतं.” “सिंधूवरूनच हिंद नाव पडलं ना? हिंदुस्थानच लिही, बेटा.” म्हातारीचं मन मोडवेना. एका शब्दानं काय होतंय, म्हणत त्यानं तसंच लिहिलं. दीड महिन्यानं मुलाच्या शेजाऱ्याचं इंग्रजी पत्र आलं. गोपीबाईनं ते वाचून घ्यायला ज्योतीरामकडेच आणलं. त्यात होतं: ‘पाकिटावरच्या ‘हिंदुस्थान’वरून चौकशी झाली. दोघे पोलीस लेखूला घेऊन गेले. अजून परतला नाही.’ ज्योतीरामनं पत्राची घडी घातली. “काय म्हणतो माझा लेखू?” “मजेत आहे,” तो कसाबसा म्हणाला. तिचा चेहरा उजळला. “मग मला तिकडे जायच्या परमिटचा अर्ज भरून दे. मीच जाते त्याच्याकडे.”