सोळा वर्षांची चॅम्पियन

सत्त्याण्णवच्या जुलैत साखर कारखान्याचा हंगाम बंद होता. तिथं फिटर असलेले माझे आबा रोज संध्याकाळी माझ्याशेजारी बसून विम्बल्डन बघायचे. ऑफिसरांच्या क्लबानं टाकून दिलेली रॅकेट त्यांनीच मला आणून दिली होती. तिची तुटलेली जाळी त्यांनी भिगवणच्या मच्छीमाराकडून आणलेल्या नायलॉनच्या दोरीनं स्वतः विणली होती.

टीव्हीवर एक पोरगी एकेक मॅच जिंकत चालली होती. आबा मला कोपरानं ढोसून म्हणायचे, "राजी, बघ की! सोळा वर्षांची हाय. तुझ्याच वयाची!"

फायनलच्या शनिवारी सकाळीच त्यांनी बजावलं, "आज कुठं जाऊ नगंस. दोघं बसून बघू."

मी कुठंच गेले नाही. संध्याकाळी टीव्हीसमोर जाऊन बसणार, तोच आईनं माझ्या हातात तिची जरीची साडी ठेवली. बाहेरच्या खोलीत पळसदेवचे पाव्हणे आले होते. खुंटीवरची माझी रॅकेट कुणीतरी काढून ठेवली होती.

टीव्ही मात्र चालूच होता. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, तेव्हा ती पोरगी चांदीचं मोठं ताट उंच धरून हसत होती. आबांचे डोळे भरून आले होते.

"मुलीचं वय काय म्हणायचं?" थोरल्या पाव्हण्यांनी विचारलं.

टीव्हीवरची नजर न काढता आबा म्हणाले,

 

"उन्हाळ्यातच अठरा पुरी झाली."