सातांपैकी पाच

नव्वद सालच्या सातही मोटारसायकल शर्यतींचा एकत्र निकाल धुळ्यात लागला. सोनगीरचा गॅरेजवाला हिलाल गुण मोजणाऱ्या साहेबांच्या टेबलावर वाकला.

"साहेब, गुण माझे सगळ्यात जास्त. मग मी दुसरा कसा?"

"प्रत्येकाच्या सगळ्यात चांगल्या पाचच शर्यती धरतात. तुमच्या शिरपूर आणि साक्रीच्या सोडल्या."

"साक्रीची धरा साहेब! जिंकलेली एखादी काढा. शेवटचा नंबर द्या, पण साक्री धरा."

"कशाला? तिथे सहावे आलात. एकच गुण."

"त्या दिवशी माझे वडील, आबा, खाटेवर होते, हात सोडत नव्हते. थांब म्हणत होते, 'आज राही जाय ना, भाऊ.' मी म्हटलं, आबा, एकेक गुण लागतो."

साहेबांनी कागद मिटला. "पुढच्या वर्षीपासून सगळ्या शर्यती धरणार आहेत."

"आबा तर यंदाच गेले, साहेब."