कोपऱ्यातला आरसा

"आधी हा आरसा उतरवू," शिडीवर चढलेला कॅमेरेवाला म्हणाला. "कोपरा हाच पाहिजे. इथून दार, गल्ला, कपड्यांची कपाटं, सगळं एका नजरेत."

दुकानाच्या मागच्या बाजूला मशीनवर पँट आखूड करत बसलेल्या आईचा पाय थांबला. "अरे, राहू दे की तो. तुझं काय खातोय?"

"आई, महिन्याभरात किती शर्ट गेले!" गल्ल्यावरून मुलगा म्हणाला. "पकडला का तुझ्या आरशानं चोर?"

त्याचंही खरंच होतं. गोल, फुगीर आरसा खाली आला, भिंतीला टेकला. कॅमेरा बसला. मशीनशेजारी छोटा पडदासुद्धा लागला.

"बघा मावशी! चोराच्या नाकातले केस मोजाल!"

चित्र लख्ख होतं. वरून मुलगा दिसत होता. डोक्यावर टक्कल पडायला लागलंय, हे तिला आज कळलं. बापावर गेलाय मेला!

बाप गल्ल्यावर असायचा तेव्हा दोघं दिवसभर त्या आरशातून बोलायचे. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, की चहा. त्यानं कान खाजवला, की समोरचा माणूस नुसता डोकं खाणारा. घरून भांडून आलेले असले तरी चष्मा वर गेला की तो चहा सांगायला उठायचाच. ही भाषा तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती, असं तिला वाटायचं. तिला त्याची फार आठवण आली.

पडद्याकडे बघत तिनं चष्मा कपाळावर सरकवला. पडद्यातला मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"काय रे, यात मी दिसते का तुला?"

"तुला कशाला बघायचं? तू काय चोर आहेस?"

"चोर नाही म्हणून दिसायचं नाही होय रे?"

कॅमेरेवाला हसला. मुलगा हसला नाही. तो उठला, आरसा बाहीनं पुसला आणि म्हणाला, "कॅमेरा जरा पलीकडे घ्या. हा इथंच लागेल."

"मग शेवटचं कपाट दिसणार नाही, साहेब."

"ते आई बघेल."

आरसा जागेवर गेला. मुलगा गल्ल्यावर बसला तसा कॅमेरेवाला पुढ्यात येऊन सुरू झाला. मग त्या कपाटासाठी आणखी एक कॅमेरा घ्याच, अंधारातही दिसणारा, वळणारा, बोलणारासुद्धा...

मुलानं मान वर केली, थेट आरशात आईकडे बघितलं आणि हळूच कान खाजवला.