चार डॉलरची किटली

ग्लेनिसने गाडी वॉटल स्ट्रीटवर वळवली आणि समोरून एक मोठा ट्रक तिला जवळजवळ घासून निघून गेला.

"मेला जुन्या सामानाचा व्यापारी," ती पुटपुटली. "चांगलं तेवढं उचलून पसार."

सातला दहा कमी होते. शनिवारी गॅरेज सेलला, लोकांनी घरापुढे विकायला मांडलेलं जुनं सामान बघायला, निघालेल्या माणसासाठी ही वेळ म्हणजे उशीरच. टूवूम्बातली मुरलेली माणसं साडेसहालाच लोकांच्या फाटकाशी उभी असतात.

खरं सांगायचं तर ग्लेनिसच्या घरात आता एक बशी ठेवायलाही जागा नव्हती. तिला हवी होती जोडीदारीण. तीस वर्षं ती आणि थेल्मा दर शनिवारी मिळून हिंडल्या. ग्लेनिसने वस्तू उचलायची, थेल्माने नाक मुरडायचं आणि "अगं, घरी आहे की असली," म्हणत गाडीकडे चालू लागायचं. मालक मागून हाक मारायचाच. फेब्रुवारीत थेल्मा लेकाकडे पर्थला राहायला गेली आणि सगळी मजाच गेली. एकटीने कसली घासाघीस करायची? आजही मन रमलं नाही तर पुढच्या शनिवारपासून घरी बसायचं, असं ग्लेनिसने ठरवूनच टाकलं होतं.

कोपऱ्यावर सेलची पाटी नव्हती. रात्री वारा होता, उडाली असेल. पण नऊ नंबरच्या घरापुढे हिरवळीवर खुर्च्या, खोकी, गुंडाळलेला गालिचा, गवत कापायचं मशीन, सगळं मांडलेलं होतं. शनिवारी सकाळी हिरवळीवर सामान दिसलं की पाटी हवी कशाला?

एका खोक्यावर सत्तरीची एक उंच बाई बसली होती. पायांत दोन वेगवेगळे मोजे. तिचा कुत्रा कुंपणाचा खांब न् खांब हुंगत फिरत होता.

"या," ती जरा दचकून म्हणाली. "तुम्ही बऱ्याच लवकर उठता. मी मर्ल."

"मी ग्लेनिस." कशावरच किमतीची चिठ्ठी नव्हती. अगदीच नवखी दिसतेय, ग्लेनिसला वाटलं. तिने उघड्या खोक्यातून एक निळी किटली उचलली. "ही कितीला?"

मर्लने किटलीकडे पाहिलं, मग ग्लेनिसकडे पाहिलं. मग हळूच हसली.

"तुम्ही किती द्याल?"

"दोन डॉलर."

"दोन? झाकण बघा, तीस वर्षांत एकदाही पडलेलं नाही. दहा."

"तोटीला टवका उडालाय."

"तो माझ्या नवऱ्याने उडवलाय. बिचारा आता नाही. त्या टवक्याचे खरं तर वेगळे पैसे लावायला हवेत."

कुठली नवखी? ही तर चांगलीच पोचलेली होती. चारवर सौदा ठरला, तेव्हा फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच ग्लेनिसला घासाघिशीची मजा आली होती.

"बरंच काही काढताय," ती म्हणाली.

"लहान घरात एवढं मावणार कुठे? मुलगा कधीचा सांगतोय, आई, अर्धं फुंकून टाक. मलाच धीर होत नव्हता."

म्हणजे हीसुद्धा चालली. ग्लेनिसने किटली उगीचच पुसली.

तेवढ्यात त्या दोघींना बघून एक टोपीवाला गाडी थांबवून उतरला. मशीनला बुटाने ढोसून म्हणाला, "पंधरा देतो."

मर्लने तोंड उघडायच्या आतच ग्लेनिस पुढे झाली. "मर्ल, हे काय गं? मशीन माझ्यासाठी ठेवणार होतीस ना? पन्नास ठरले होते आपले."

मर्लच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "ठरले होते. पण पैसे कुठे आणलेस? हा बाबा रोख देत असेल तर मी कशाला थांबू?"

टोपीवाल्याने पंचावन्न मोजले आणि कुणी हिसकावून घेईल या भीतीने मशीन घाईघाईने गाडीत चढवलं. तो वळणाआड गेला तशा दोघी खोक्यांवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"आता इथलं गवत कोण कापणार?" मर्ल म्हणाली.

"ज्याचं तो बघून घेईल. तू कशाला काळजी करतेस?"

"तेही खरंच. चहा घेतेस? तुझ्याच किटलीत करावा लागेल. माझी दुसरी कुठल्या खोक्यात गेलीय कोण जाणे."

दार उघडायला तिला तीन किल्ल्या लावून बघाव्या लागल्या. आत ती कितीतरी वेळ कप्पे उघडत होती, बटणं दाबून बघत होती. घर सोडायच्या दिवशी माणूस बावचळतंच, ग्लेनिसला तिची दया आली.

पायरीवर बसून दोघींनी चहा घेतला. बोलता बोलता ग्लेनिसने थेल्माचं सगळं सांगितलं.

"मग आता एकटीच जातेस?" मर्लने विचारलं.

"आता बंदच करणार."

तीस वर्षांत अशी एकच भेटली होती. दुसरी भेटली, तीही निघायच्या दिवशी. नशीबच फुटकं, दुसरं काय.

"किती लांब चाललीयेस?" तिने शेवटी विचारलं. "दर आठवड्याला नाही जमणार, पण महिन्यातून एकदा गाडी काढून येईन मी."

मर्लने कप खाली ठेवला.

"जातेय कुठे? ट्रकवाला आत्ता सकाळीच तर माझं सामान इथे उतरवून गेला. गिऱ्हाईक आपल्या पायांनी दारात आलं, त्याला नाही कसं म्हणायचं? ते राहू दे, पुढच्या शनिवारी किती वाजता निघायचं, ते सांग."