सेलमधला आरसा

नव्या घरासाठी सुनेने सेलमधून निम्म्या किमतीत मोठा आरसा आणला. सोनेरी चौकट, ओरखडा कुठेच नाही. सासूबाईही खूश झाल्या.

दुपारी आरशासमोर भाजी निवडताना त्या म्हणाल्या, "दार लाव गं, सताड उघडं टाकलंयस."

सुनेने वळून पाहिलं. दाराला कडी लावलेली होती. आरशात मात्र दार उघडं होतं आणि पलीकडे रिकामा जिना दिसत होता.

"स्वस्तातली काच आहे, आई," ती म्हणाली. कडेवरच्या बाळाला आतल्या खोलीत निजवून ती परत आली.

"लावलंस ना? बरं झालं."

आरशातलं दार आता बंद होतं. आतून कडी घातलेली होती आणि दाराशी कुणीतरी आपले बूट नीट काढून ठेवले होते.