नवसूने साफ केलेलं तळं

पाहुणे तळ्याच्या वाटेला लागले तसा नवसू घाईघाईने त्यांच्या मागे निघाला. पाय धुवायला अंगणात भरलेली बादली ठेवली होती. पण मुलाचे वडील धाऊबाबा काळ्या-पिवळ्या जीपमधून उतरताच म्हणाले, "तळ्यावरच धुतो की." आता व्याही होऊ घातलेल्या माणसाला अडवायचं कसं?

हा उद्योग नवसूनेच करून ठेवला होता. लेकीला, सारिकाला, बघायला माणसं येणार, त्यांना तळं रान माजल्यासारखं दिसायला नको, म्हणून पठ्ठ्या महिनाभर आधी कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि अर्ध्या तळ्यातलं पाणगवत मुळासकट ओढून काढलं. "ऱ्हाऊ द्या ना, कुनाला नडतंय ते," असं त्याची बायको चंदा काठावरून सांगत होती. बायकोचं ऐकेल तर तो नवसू कसला. आधी पाणी गढूळ झालं, मग हिरवंगार, आणि आता त्याला वासही सुटला होता. मग मात्र उरलेल्या अर्ध्याला हात लावायचा त्याला धीर झाला नाही. गावच्या बायका त्याच बाजूने पाणी भरत आणि येता-जाता नवसूचा उद्धार करत.

धाऊबाबा काठावर उकिडवे बसले. हिरव्या पाण्यात हात घालून त्यांनी वास घेतला आणि बोटं धोतराला पुसली. मग ते गवताच्या बाजूला गेले. तिथे पाणी नितळ होतं. तिथलं ओंजळभर पाणी उचलून त्यांनी पुन्हा हिरव्या बाजूकडे पाहिलं. झालं, पोरीचं जमत आलेलं लग्न आपणच मोडलं, असं नवसूला वाटलं.

"कोनी उपटलं?"

"मीच." खोटं बोलायचं त्याला सुचलंसुद्धा नाही.

"सगलं नाय ना उपटलं?"

"नाय. अर्धंच."

धाऊबाबांनी सुस्कारा सोडला. "मंग वाचलं. गवताची मुळं गाळाला धरून ऱ्हातात. ती गेली का गाळ सुटतो, त्यातलं खत पान्यात उतरतं, आन पानी असं हिरवं व्हतं. हे उरलेलं पसरंल पुन्ना. नुस्ता हात लावू नका."

नवसूच्या जिवात जीव आला, पण निम्माच. बोलणी अजून व्हायची होती. घरी चहा झाला, सगळे ओट्यावर बसले. नवसूच्या थोरल्या भावाने रीतीप्रमाणे विचारलं, "तुमची मागनी काय ती सांगा."

धाऊबाबांनी बशी खाली ठेवली. ते नवसूकडे बघेनात.

"पोरगी आमाला पसंत हाय. देन्याघेन्याचं काय नाय. पन येक लपवत नाय. आमच्या पाड्यानं चार वर्षांमागं आख्खं तळं साफ केलं. तवापासनं बाया पान्याला लांब ओहळावर जातात. ते ऐकून दोन घरांनी आमाला पोरगी दिली नाय. तुमी देत असाल, तर तिच्यासंगं आमच्या तळ्यात लावाया येक पाटी गवत द्या."